टिंबाच्या पलीकडे इंच

माझ्या आयटीआयच्या प्रमाणपत्रावर ‘ड्राफ्ट्समन’ असं छापलेलं आहे. अकोल्याच्या आमच्या तुकडीत आम्ही दोनच मुली होतो आणि दोघींसाठी वेगळा शब्द शोधायची कुणाला गरज वाटली नाही. त्यामुळे कागदोपत्री मी अजून पुरुषच आहे. लग्न होऊन अमरावतीला आले, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात चिकटले आणि बत्तीस वर्षं तिथेच नकाशे काढले. खेड्यांतून येणारी माणसं मला ‘ड्राफमनबाई’ म्हणायची. सुरुवातीला राग यायचा. पुढे रस्त्यात कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलं तर चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला समजावून सांगणं तसं सोपं आहे. घर बांधणारा आर्किटेक्टकडे येतो. आर्किटेक्ट त्याचं ऐकतो, हवेत हात फिरवतो, एका कागदावर पेन्सिलीने चार रेघा ओढतो आणि जेवायला जातो. त्या चार रेघांना भिंतीची जाडी, दाराची रुंदी आणि जिन्याच्या पायऱ्या देऊन गवंड्याच्या हातात ठेवता येईल असा कागद तयार करणं हे ड्राफ्ट्समनचं काम. नकाशा म्हणजे तरी काय? घर कमरेच्या उंचीवर आडवं कापायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि वरून आत डोकवायचं. जे दिसेल ते काढायचं. मी आयुष्यभर लोकांच्या घरात अशीच वरून डोकावत आले.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दर्यापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने माझा नकाशा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “याच्यात मी कुठी झोपतो?” मी त्याच्या खोलीत एक खाट काढून दाखवली. त्याने चष्मा वर केला. “दक्षिणेले पाय येऊन राहिले माहे. फिरवा.” ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडून मी खाट फिरवली. नगरपालिकेने तो नकाशा खाटेसकट मंजूर केला. अकोटचा एक जिनिंगवाला तर घर बांधून, वास्तुशांत उरकून, पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “आता याच्यासारखा नकाशा काढून द्या.” मी टेप घेऊन त्याच्या घरी गेले आणि बांधलेल्या घराचा नकाशा काढला. मोजताना घरच्यांनी सांगितलेल्यापेक्षा एक खोली कमी भरली. सगळ्यांना विचारलं, पण ती गेली कुठे हे शेवटपर्यंत कुणालाच सांगता आलं नाही.

मग ती वर्षं आली. आमच्या वऱ्हाडात कापसावर घरं उभी राहतात, हे गणित मी नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकले होते. कापूस बरा झाला की दिवाळीनंतर ऑफिसात बसायला जागा नसायची. पुढे कापूसच बुडत गेला आणि ते थांबलं. शेतकऱ्यांविषयी वर्तमानपत्रांत रोज काय छापून येत होतं ते वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे. मला मात्र ते जोत्यांवरून कळलं. जोतं म्हणजे जमिनीच्या वर आलेला घराचा पाया. मी नकाशे काढून दिलेली कितीतरी घरं जोत्यापर्यंत येऊन तिथेच थांबली. बसने जाताना गावोगाव दिसायची. कुणी त्यावर तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, कुणी बकऱ्या बांधलेल्या. मी खिडकीतून बघून मनातल्या मनात म्हणायची, तो कोपरा देवघराचा, तिथे आता बकरी बसली आहे. हसू यायचं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

त्याच सुमारास यासीन मिस्त्री अकोटचं बिऱ्हाड मोडून अमरावतीला आले. अकोट तालुक्यातली निम्मी घरं त्यांच्या हातची, पण आता तिथे वीट हलत नव्हती. त्यांच्या बरोबरीचे गवंडी सुरतेला आणि पुण्याला गेले. हे गेले नाहीत, कारण थोरली मुलगी अकरावी सायन्सला होती आणि तिचं कॉलेज सुटायला नको होतं. आमच्या साहेबांनी त्यांना धरलं, कारण मिस्त्रींच्या भिंतीला ओळंबा लावला की दोरी भिंतीला चिकटून राहायची. माणूस कमी बोलायचा. शिक्षण चौथीपर्यंत. नकाशावरच्या इंग्रजी सूचना त्यांना वाचता यायच्या नाहीत, म्हणून प्रिंट न्यायला ते मुलीला पाठवायचे. तिचं नाव नाझिमा.

पहिल्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि प्रिंट घेऊन जायचं सोडून वाचत बसली. मग एका रेघेवर बोट ठेवलं. “बाई, हे रेघ तुटक कावून?”

“ते डोक्यावरचं बीम आहे. जे कापलेल्या भागाच्या वर राहतं, म्हणजे दिसत नाही पण आहे, ते तुटक काढायचं.”

“मंग दिसत नाई त्याचाबी विचार करा लागते.”

“करावा लागतो.”

तिने खाली सहीच्या चौकटीकडे पाहिलं. “हे सही तुमची?”

“नाही. ती साहेबांची. ते आर्किटेक्ट.”

“पन काढलं त तुमी.”

“काढते मी. ठरवतात ते.”

ती प्रिंटची गुंडाळी काखेत मारून दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, “मले ठरवाचं शिकायचं हाये.”

मी सव्वीस वर्षं त्या खुर्चीत बसले होते आणि हे वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडी जळलेच मी त्या दिवशी.

पण मग नादाला लागले. आर्किटेक्चरला जायचं तर बारावीला गणित हवं, वर चित्रकलेची वेगळी प्रवेश परीक्षा आणि पुढे पाच वर्षांचा अभ्यासक्रम. हे सगळं मी तिच्यासाठी चौकशी करून शोधून काढलं. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. तिच्या मैत्रिणी डीएडच्या रांगेत होत्या, दोन वर्षांत मास्तरीण आणि मग लग्न. मिस्त्रींच्याही मनात तेच होतं. नाझिमा रविवारी ऑफिसात यायची आणि मी तिला वस्तू काढायला बसवायची: टेबल, पंखा, कोपऱ्यातला माठ. तिचा हात काही जादूचा नव्हता. माझ्या हातापेक्षा कच्चाच होता. तिच्याकडे दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मला शेंदूरजनाघाटला कळलं.

शेंदूरजनाघाटच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याला माल निवडायची आणि पेट्या भरायची मोठी शेड बांधायची होती. वरूडकडे विहिरी आटून बागा वाळत होत्या, तरी ज्यांच्या बागा टिकल्या त्यांचा माल कुठेतरी भरावाच लागणार. काम आमच्याकडे आलं आणि बांधकाम यासीन मिस्त्रींकडे. जागा मोजायला मिस्त्री गेले ते रविवारी, म्हणून नाझिमाही सोबत गेली. जुन्या शेडमध्ये बाया जमिनीवर बसून संत्री निवडत होत्या. ही त्यांच्यात जाऊन बसली. परत आली ती सरळ माझ्याकडे.

“बाई, तिथल्या मावश्या म्हनते का सकाळी जे संत्र हिरवं दिसते तेच दुपारी पिवळं दिसते. दरवाजा पश्चिमेले हाये. उन्ह आत येते अन् सारा माल पिकलेला वाटते. मंग पेटीत हिरवे जाते अन् नागपूरले बोंब होते. त्यायले उत्तरेचा उजेड द्या ना.”

उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, हे आर्किटेक्टला कॉलेजात शिकवतात. हिने ते संत्र्याकडून शिकून आणलं होतं. मी उत्तरेच्या बाजूला लांबलचक झरोके काढले. साहेबांनी पाहिले, “वा, छान सुचलं मला,” असं काहीतरी मनाशी म्हणाले आणि सही केली. नाझिमाला सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली. नाव कुणाचं झालं याचं तिला काही नव्हतं. झरोके होणार याचा आनंद होता.

आता त्या टिंबाकडे यावंच लागेल. गेली कित्येक वर्षं हे लिहायचं मी टाळलं.

आमच्या ऑफिसात त्याच वर्षी कॉम्प्युटर आला. चाळिशीच्या पुढे मी शाईचे पेन ठेवून माउस धरला आणि फार भाव खाल्ला. शेंदूरजनाची शेड हे माझं कॉम्प्युटरवरचं पहिलं मोठं काम. हाताने काढताना मी नेहमी फुटाची आणि इंचाची खूण वेगवेगळी करायची, चाळीस फूट सहा इंच असं स्वच्छ. शेडची रुंदी कॉम्प्युटरने आपल्या पद्धतीने लिहिली, ४०.५. चाळीस पूर्णांक पाच दशांश फूट, म्हणजे साडेचाळीस, म्हणजे चाळीस फूट सहा इंच. हिशेब बरोबर होता. मी तसाच प्रिंट काढला.

पण साइटवर टिंबाचा अर्थ वेगळा आहे. गवंडी, सुतार, फरशीवाला, सगळे तंबाखूच्या पुडीच्या कागदावर मापं लिहितात आणि त्यात टिंबाच्या अलीकडे फूट, पलीकडे इंच. १०.११ म्हणजे दहा फूट अकरा इंच. गणिताच्या मास्तरला घाम फुटेल, पण त्यावर आमच्या जिल्ह्यात हजारो घरं सरळ उभी आहेत. मला हे ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तर हाताने काढताना मी खुणा टाकायची. कॉम्प्युटरच्या तोऱ्यात विसरले.

यासीन मिस्त्रींनी ४०.५ वाचलं, चाळीस फूट पाच इंच. एक इंच कमी. भिंत असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ही शेड होती. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या कॉलमची रांग, कॉलमच्या डोक्यात बोल्ट पुरायचे आणि त्यावर अमरावतीहून तयार होऊन येणारी लोखंडी कैची बसवायची. कैची म्हणजे पत्र्यांचं ओझं उचलणारा तिकोनी सांगाडा. कैचीवाल्याकडेही माझाच कागद गेला होता आणि त्याने तो कॉम्प्युटरसारखाच वाचला होता. म्हणजे कैचीची भोकं चाळीस फूट सहावर आणि बोल्ट चाळीस फूट पाचवर.

बारावीची परीक्षा आटोपली होती, म्हणून नाझिमा त्या दिवशी साइटवर होती. दुसऱ्या रांगेचं काँक्रीट सुरू झालेलं. तिने टेप पाहिला, प्रिंट पाहिला आणि वडिलांकडे धावली. “अब्बा, रुको. ये साढे चालीस है. छे इंच होना.”

मिस्त्रींनी प्रिंटवर बोट ठेवलं. “टिंब के बाद पाँच है. पाँच इंच.”

“वो अपना टिंब नहीं है अब्बा, कॉम्प्युटरका है.”

भोवती दहा माणसं घमेली घेऊन उभी. मिक्सर चालू. तीस वर्षं टेप धरलेल्या माणसाला त्याची मुलगी सगळ्यांसमोर टेप शिकवत होती. मिस्त्री एवढंच म्हणाले, “तू घर जा.” आणि माणसांना हाताने खूण केली, ओता.

ती एसटीडी बूथवर पळाली आणि मला ऑफिसात फोन केला. “बाई, ४०.५ म्हणजे किती?” मी म्हटलं, साडेचाळीस. “मंग अब्बाले सांगा.” मिस्त्री ओलं काँक्रीट सोडून फोनवर येणार नव्हते, आणि आले असते तरी तोवर ओतून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब, मी आणि कैचीवाला साइटवर गेलो. व्यापारी आधीच येऊन उभा होता. साहेबांनी टेप लावला आणि मग सगळ्यांसमोर मिस्त्रींना झोडपलं. “दशांश कळत नाही तर विचारायचं! अडाणी लोकांच्या हातात काम दिलं की हेच व्हायचं!” मिस्त्री मान खाली घालून उभे. नाझिमा माझ्याकडे बघत होती. माझ्या हातात त्याच नकाशाची गुंडाळी होती. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते: खूण मी टाकली नाही. मी गुंडाळी घट्ट धरली आणि गप्प राहिले.

सहा कॉलमची डोकी फोडून बोल्ट पुन्हा बसवावे लागले. मे महिन्याच्या उन्हात मिस्त्रींनी ते स्वतः केलं.

त्यानंतर नाझिमा ऑफिसात आली नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती आणि फॉर्म माझ्या खणात कोरा पडलेला. त्यावर वडिलांची सही लागणार होती. शेवटी शेजारच्या गवंड्याकडून कळलं, मिस्त्रींनी डीएडचं ठरवलंय. मी फॉर्म पर्समध्ये घातला आणि त्यांच्या घरी गेले. जाताना सायकल रिक्षात बसून बोलायचं सगळं पाठ केलं होतं. पोरीची हुशारी, भविष्य, शिक्षणाचं महत्त्व. त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही.

दोन खोल्यांचं घर. नाझिमाच्या आईने चहा दिला. नाझिमा आतल्या खोलीच्या दारात उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती. मिस्त्री बशीत चहा ओतून शांतपणे पीत होते. मी पाठ केलेलं भाषण सुरू करायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

“मिस्त्री, ते टिंब माझं होतं. फूट-इंचाची खूण मी टाकायला पाहिजे होती. साहेब बोलत होते तेव्हा मी उभी होते आणि बोलले नाही.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “मालूम हाये मले.”

“कधीपासून?”

“पोरीनं त्याच दिवशी सांगतलं. म्या म्हटलं, पाहू, बाई सोता सांगते का.” मग म्हणाले, “पंधरा दिवस लागले तुमाले. पन आल्या. साहेब लोकायतलं कोनी आजवर आलं नाई. तीस वर्षं झाले बाई, लोकायच्या चुका म्या बांधल्या, अन् फोडल्याबी म्याच.”

मला रडू आलं. त्या घरात मी पाहुणी होते आणि रडत मीच बसले होते. नाझिमाच्या आईने मला पाण्याचा पेला दिला आणि नवऱ्याकडे असं काही बघितलं, की जणू सगळी चूक त्यांचीच.

डोळे पुसल्यावर मला नीट बोलता आलं. मी म्हटलं, “मिस्त्री, त्या साइटवर टिंब दोन्ही बाजूंनी वाचणारं एकच माणूस होतं. साहेबांना ऑफिसचं टिंब कळतं. तुम्हाला साइटचं कळतं. मला दोन्ही कळतात, आणि मी झोपले. हिने दोन्ही वाचली आणि वेळेवर सांगितलं. असं माणूस आर्किटेक्ट नाही व्हायचं तर कोणी व्हायचं?”

मिस्त्री हळूच म्हणाले, “ते हुशार हाये, मले का मालूम नाई? पन बाई, साइटवर पोरीचं कोन आयकीन? दुसऱ्यायचं सोडा. म्याच नाई आयकलं.”

खरी अडचण ती होती. हुशारी नव्हे, पाच वर्षं नव्हेत, लग्नही नव्हे. मुलीला आपणच थांबवलं होतं आणि ती बरोबर होती, हे त्यांना झोपू देत नव्हतं. उद्या दुसरा कुणी मिस्त्री तिला दहा माणसांसमोर ‘घरी जा’ म्हणेल आणि तिला जावं लागेल, ही त्यांची भीती.

दारातून नाझिमाच म्हणाली, “अब्बा, मैं गई थी क्या घर?”

मिस्त्रींनी वळून पाहिलं.

“तुम बोले घर जा. मैं फोन करने गई.”

नाझिमाची आई तोंडाला पदर लावून हसायला लागली. “ऐकायचं नाई ते कोनाचं. तुमीच पाहा आता.” मिस्त्रींनाही हसू आवरलं नाही. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. “द्या तो कागद.” सही करताना त्यांनी पेन घट्ट धरला होता आणि जीभ दातांत होती. चौथी पास माणसाची ती सही मी अजून विसरले नाही. एकेक अक्षर थरावर थर ठेवल्यासारखं सरळ.

परीक्षेत तिला एक दृश्य काढायला सांगितलं होतं, गर्दीची जागा. तिने भाजीबाजार काढला. परत आल्यावर मी विचारलं, काय काढलंस, तर म्हणाली, “माणसं कमी काढली बाई. सावली जास्त काढली. लोक सावलीतच उभे राहते ना.” मला वाटलं, गेली ही. पण यादीत नाव आलं, चांगलं वर आलं. अमरावतीतच प्रवेश मिळाला. प्रवेशाच्या दिवशी मिस्त्री कॉलेजच्या इमारतीत शिरले ते आधी भिंतीवर हात फिरवत. जिन्याच्या कठड्यापाशी थांबून मला म्हणाले, “काम बरं हाये.” हे त्यांच्याकडून मोठं प्रशस्तिपत्र.

पाच वर्षं सोपी गेली नाहीत, पण ती तिची गोष्ट आहे आणि तिनेच लिहावी. इंग्रजीतून शिकवलेलं पहिल्या वर्षी तिला निम्मं कळायचं नाही. रात्री जागून मॉडेल करायची, दिवसा कॉलेज, रविवारी माझ्याकडे. माझा कॉम्प्युटर मी तिला शिकवला आणि सहा महिन्यांत ती मला शिकवायला लागली. एकदा एका प्राध्यापकांनी तिच्या चित्राकडे बघून, “हे गवंडी काढतात तसं आहे,” असं म्हटलं. ती येऊन रडेल असं मला वाटलं होतं. ती आली आणि म्हणाली, “बरोबर बोलले बाई ते. गवंड्याले समजन असंच काढलं म्या.”

तिच्या नावामागे पदवी लागली तेव्हा मी निवृत्त झाले होते. पहिलं स्वतंत्र काम तिला अकोटला मिळालं, एका शिक्षक जोडप्याचं छोटं घर. मिस्त्री तिथे गवंडी. दुसरा कुणी ठेवू द्यायला ते तयारच नव्हते. मला दोघांनीही बोलावलं, वेगवेगळा फोन करून. मी एसटीने अकोटला गेले.

साइटवर पोचले तेव्हा पुढच्या ओसरीची बुटकी भिंत चालली होती. वीट मिस्त्री स्वतः लावत होते. वय झालं होतं, पण हात तसाच. नाझिमा मोटारसायकलवरून उतरली, ओढणी आवळून बांधली आणि भिंतीपाशी येऊन उभी राहिली. मग ती जमिनीवर, धुळीत, मांडी घालून बसली. बसलेल्या माणसाला भिंतीवरून गल्ली दिसते का, ते बघितलं. उठली.

“मिस्त्री, हे भिंत तीन थर जास्त आलं. नकाशात कमी हाये. वरचे तीन थर उतरवा.”

साइटवर ती त्यांना मिस्त्री म्हणते हे मला तेव्हा कळलं. हाताखालची चार-पाच माणसं थांबली आणि मिस्त्रींच्या तोंडाकडे पाहू लागली. त्यातल्या दोघांनी आयुष्यभर त्यांचा शब्द पाळला होता. नकाशात काय आहे ते मिस्त्रींनाही माहीत होतं. नकाशातली भिंत त्यांना फारच बुटकी वाटली, म्हणून त्यांनी ती आपल्या मनाने उंच केली होती.

मिस्त्रींनी थापी खाली ठेवली. “म्याडमनं सांगतलं ना? मंग पाहून काय राहिले? उतरवा.”

माणसं कामाला लागली. नाझिमा आत जिना बघायला गेली. मिस्त्री माझ्या शेजारी येऊन उकिडवे बसले, कपाळावरचा घाम पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, चूक करून राहिली ते. इतकी बुटकी भिंत असते का कुठी? गल्लीतलं कुत्रं उडी मारून ओसरीत येईन. आज घरी गेलो का भांडतो मी तिच्याशी.”

“मग आत्ताच का नाही सांगत?”

“साइटवर?” मला या धंद्यातलं काहीच कळत नाही अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “साइटवर कसं भांडाचं बाई? आर्किटेक्ट हाये ते.”